कीलचे बोल्ट सात की आठ

३ नोव्हेंबर
सात. पुन्हा मोजले, सातच. हे म्हणतात आठ.

नौदलातून निवृत्त झाल्यावर ह्यांनी मुंबईहून ही जुनी शिडाची होडी आणली. विष्णुपुरी जलाशयाच्या काठावर ठोकळ्यांवर उभी असते. पोटाखाली कील — लोखंडाचं भलंमोठं वजन, आतून बोल्टांनी आवळलेलं. गंज खरवडायचा, रंग द्यायचा, बोल्ट ठोकून आवाज ऐकायचा, माठ वाजवून घेतात तसा. यंदा ह्यांचा हात थरथरतो, म्हणून मी. एवढं लोखंड बांधून वस्तू तरते कशी, हे बारा वर्षांत कळलेलं नाही.

५ नोव्हेंबर
यज्ञेशचा पुण्याहून फोन. "आई, बाबांना स्वतःच्या होडीचे बोल्ट आठवत नाहीत, आणि ते पाण्यात जाणार? विकून टाक." सातच निघाले तर विकू, असं मी म्हणाले. कशाला कबूल केलं? होडी गेल्यावर हे दिवसभर काय करतील?

६ नोव्हेंबर
सकाळी चहा पिऊन लगेच म्हणाले, चहा झालाच नाही. दुपारी कीलचं चित्र काढलं, एक रेघ चुकली नाही. बोल्ट आठ. खाली लिहिलं — 'प्रेमला, मागून मोज.' चहा खरा धरू की चित्र?

७ नोव्हेंबर
औशाहून विरूपाक्ष मिस्त्री आला. ट्रॅक्टर, पंप, पाण्याच्या टाक्या, सगळं करतो. मागूनही मोजून झालं. "सातच हायत, बाई. साहेब इसरून राहिलेत."

रविवारी गिऱ्हाईक येईल. स्वयंपाकघरात जाऊन रडले.

८ नोव्हेंबर
भाजी निवडताना एकदम आठवलं. दोन वर्षांपूर्वी हे दवाखान्यात असताना होडी गळत होती. विरूपाक्षाने आतून तळाला, मागच्या टोकाशी सिमेंट भरलं, टाकीला भरतात तसं. मीच सांगितलं होतं!

त्याला परत बोलावलं, मागच्या टोकाचं सिमेंट फोडायला लावलं. "हितं हाय, बाई. पार सडलाय." बोल्टचा भुगा झालेला, नट हातात आला. म्हणजे चूक माझी, आणि विसरभोळे ठरले हे. लाज वाटली. यज्ञेशला कळवलं — होडी विकायची नाही. बाबांचं डोकं शाबूत आहे.

८ नोव्हेंबर, संध्याकाळ
नट ह्यांच्या तळहातावर ठेवला. लगेच ओळखला. खूश झाले. म्हणाले, "बरं झालं बाई, तुम्ही शोधलात. आमच्या प्रेमलाला तेवढं कळवाल का? ती फार काळजी करते."