उतरवलेली ढेप

रविवार, दिवेलागणीला

गावानं आज माझी गूळतुला केली. गेल्या वर्षी सायकल शर्यतीत तिसरी आले तेव्हा केली होती, तशीच. आप्पांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, तेव्हाइतक्याच ढेपा तराजूत मांडून ठेवल्या होत्या. मी बसले तर माझं पारडं वरच राहिलं. एक ढेप उतरवावी लागली. लोक हसले. आप्पा सगळ्यांना सांगत होते, "पोरीनं लई घाम गाळला. पहिली आली."

घाम? घाम गेल्या वर्षीही एवढाच गाळला होता. तेव्हा ढेप उतरवावी लागली नव्हती, आणि घाटात मी अशी सगळ्यांच्या पुढेही निघाले नव्हते. या वर्षी गोळ्या होत्या. कोचनं दिल्या, मी नाव विचारलं नाही. का विचारलं नाही ते मला पक्कं माहीत आहे. शर्यत संपल्यावर लघवीचा नमुना घेतलाय, निकाल यायचाय.

गर्दीतून एक जण म्हणालाच, "औषधावर चालती ही सायकल." आप्पा त्याच्या अंगावर धावून गेले. मी खाली मान घालून तोंडातला गूळ चघळत राहिले.

ती उतरवलेली ढेप आईनं घरी आणलीय. इथून दिसते. मघाशी जवळ बसून हळूच विचारलं तिनं, "खरं सांग, तुला काय दुखणं हाय का?"

"नाही गं."

तिला पटलं नाही. उद्यापासून सोमवार धरतेय, मी अंगानं भरावी म्हणून.

दुखणं असतं तर सांगता तरी आलं असतं.