वाट्याला आलेला कान

आईस तिलेकचा सलाम.

मी ठणठणीत आहे. इथे डोंगरात थंडी लवकर पडली, पण तू विणलेला स्वेटर अंगात असतो. बाबांचा गुडघा काय म्हणतो?

शाळेची नवी इमारत तपासायला मला इथे पाठवलंय, हे तुला माहीत आहेच. परवा ठेकेदार मेदेतने मेंढा कापला आणि भरल्या पंगतीत मानाचं डोकं माझ्यापुढे ठेवलं. तुझ्या पोराला एवढा मान! ते खाल्लं असतं, तर इमारत पास केल्याच्या कागदावर सही करावीच लागली असती. मी म्हटलं, "वडीलधारे बसलेत, मान त्यांचा," आणि ताट गावातल्या सगळ्यात वयस्क सातारकूल आजोबांकडे सरकवलं. मेदेतचं तोंड उतरलं.

आजोबांनी रीतीप्रमाणे कान कापला आणि पंगतीत सगळ्यात धाकटा म्हणून मलाच दिला. "कान धाकट्याला का देतात? मोठ्यांचं ऐकावं म्हणून. मग ऐक. मागच्या भिंतीचं सिमेंट नखाने निघतंय. तिथे माझी नात बसणार आहे."

काल सकाळी जाऊन पाहिलं. खरंच निघतंय. मी सही केली नाही.

साहेब चिडलेत. फार तर आणखी लांब बदली करतील, तू काळजी करू नकोस. मेदेतची माणसं घरी काही घेऊन आली, तर चहा पाज, पण वस्तू ठेवून घेऊ नकोस.

आज मी आजोबांना विचारलं, "आधी का नाही बोललात?"

"वर्षभर बोलतोय रे," ते म्हणाले. "सरकारचा कान परवाच हाती लागला."

फक्त तुझंच डोकं खाणारा,
तिलेक