वीतभर मागे

३ डिसें., बुध.
दाढ काढून आलो. तोंडात कापूस, आणि नेमका तेव्हाच कॉलेजच्या बाईंचा फोन. स्मरणिका काढताहेत. त्यात एक पान जुन्या फुटबॉल टीमचं. विषय : आपल्या टीमला भेटलेले सर्वांत मोठे प्रतिस्पर्धी. 'सर, तुम्हीच लिहा. तुम्हाला सगळं आठवतं म्हणतात.' मी कापसातून 'ऊं ऊं' केलं. बाईंनी ते हो समजलं.

मी सर नाही. मोजणी खात्यातून निवृत्त. टीममध्येही कधी नव्हतो. जिभाऊ, अनीस आणि मी, आम्ही तिघं ओरडणाऱ्यांतले. अनीसकडे पाण्याची बादली, जिभाऊकडे शिट्ट्या, माझ्याकडे फक्की. मैदानाच्या पांढऱ्या रेषा मारायचं काम दुसऱ्या कुणाला जमत नसे, असं माझं मत होतं. अजून आहे.

गाल सुजलाय. दूध-भाकर कुस्करून खाल्ली.

५ डिसें., शुक्र.
अनीसच्या वेल्डिंगच्या दुकानात बसलो. जिभाऊ ब्राह्मणपुरीहून आला. सोबत पिशवीभर तुरीच्या शेंगा, आणि आवाज नेहमीचा, पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल असा.

यादी करायला घेतली. नवापूरचा उंच गोलकीपर, पेनल्टी अडवायचा आणि मग शिंकायचा. अनीस म्हणे तो नाटकी होता. नंदुरबारचा डावखुरा, केस विंचरून मैदानात यायचा. धुळ्याची टीम, सगळ्यांच्या पायात सारखे बूट. आम्ही ते बूटच बघत बसलो आणि चार गोल खाल्ले. शेंगा सोलता सोलता तासभर असाच गेला. मजा आली, खोटं कशाला बोलू.

शेवटी जि. उठून उभा राहिला. "अरे भो, कसानी यादी करी ऱ्हायनात? एकच नाव लिख. तळोदाना सायसिंग. बाकी समदा भाजीपाला."

यावर कुणाचं दुमत नाही. सायसिंग तळोद्याच्या कॉलेजकडून खेळायचा. पुढच्या फळीत. त्याच्या पायात बॉल आला की आमच्या बाजूचं ओरडणं आपोआप बंद व्हायचं. आणि ती फायनल आम्ही जिंकली. एका गोलनं. कॉलेजला मिळालेला तो एकुलता कप. ऑफिसच्या काचेच्या कपाटात आहे अजून.

जि. म्हणाला, "मन्हा दादानी त्या दिन बॉल नही धरा, देव धरा देव." जि.चा थोरला भाऊ आमचा गोलकीपर होता. वारला, चार वर्षं होतील.

मी शेंगांची सालं गोळा केली आणि निघालो.

८ डिसें., सोम.
पान लिहायला बसलो. नवापूर, नंदुरबार, धुळे झाले. सायसिंगपाशी पेन अडलं. निदान इथे तरी लिहून टाकतो, ही वही कोण वाचणार आहे.

फायनल आपल्या मैदानावर. रात्री पाऊस झालेला. शाळेकडच्या गोलात पोलांच्या बुडाशी चिखल. त्यात फक्की विरघळायला लागली. म्हणून दोरी वीतभर मागे, कोरड्या जागेवर बांधली आणि रेष मारली. ऊन पडलं की पोलापासून पोलापर्यंत नवी मारू, असं ठरवलं आणि विसरलो. ही सकाळची गोष्ट. त्याचं मला काही वाटत नाही. माणूस चुकतो.

हाफ टाइमला रेषा पुसट झालेल्या. बादली घेऊन त्या गोलात गेलो. तेव्हा दिसलं. पोल पुढे, रेष वीतभर मागे. चिखल वाळला होता. दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली असती. आम्ही एक गोल पुढे होतो आणि आता सायसिंग याच गोलवर येणार होता.

मी जुन्या रेषेवरच फक्की टाकली. चांगली जाड टाकली.

शेवटच्या मिनिटांत त्यानं मारला. दादा झेपावले, हात लागला, बॉल मागे उडाला, दादांनी तो अंगाखाली घेतला. पंच धावत आले, वाकले. बॉल रेषेला टेकलेला. गोल नाही! बॉल रुंदीला वीतभरच असतो. पोलांच्या पार आत गेला होता तो; रेष जागेवर असती तर गोल. मी पाच हातांवर उभा होतो. मलाच नाही दिसणार तर कुणाला?

पुढे आयुष्यभर लोकांचे बांध मोजले. नवीन आलेल्यांना पहिल्या दिवशी सांगायचो, जुनी खूण दिसली म्हणून तिच्यावर जाऊ नका, माप घ्या.

लाज वाटते. एवढंच.

११ डिसें., गुरु.
जि.च्या घरी जेवायला. सारंगखेड्याची यात्रा लागलीय, घोडे बघून येऊ म्हणून बोलावलं होतं. घोडे राहिले बाजूला, कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा खाऊन दोघंही आडवे झालो.

भिंतीवर दादांचा फोटो. हार कालचा असावा. खाली त्या फायनलचा बॉल, हवा गेलेला, बसकट. वहिनी, दादांच्या पत्नी, रोज पुसतात म्हणे. जि. नातवाला दरवेळी तीच गोष्ट सांगतो, बॉल रेषेवर कसा थांबला. आजही सांगितली. "आणि रेष कोणी मारेल व्हती? ह्या आबानी!" माझ्याकडे बोट. नातवानं माझ्याकडे टक लावून बघितलं, मी भाकर मोडायला घेतली.

वहिनींनी ताकाचा पेला पुढे केला.

जि. म्हणतो, रविवारी सायसिंगला आमंत्रण द्यायला जाऊ. २०ला कॉलेजच्या मैदानावर कार्यक्रम, स्मरणिका त्यानंतर निघेल; सायसिंगला प्रमुख पाहुणा करायचं. बाईंना कल्पना फार आवडलीय. आता तर पान द्यावंच लागणार.

१४ डिसें., रवि.
तळोद्यापर्यंत यष्टी, पुढे जीप. जीपमध्ये तेरा माणसं, दोन कोंबड्या, छतावर पत्रे. जि. माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होता. घाटात एका वळणावर वाटलं, आत्ता उठवावं आणि सांगावं. नाही उठवलं.

सायसिंग अंगणात मक्याची कणसं सोलत बसलेला. केस पांढरे, पोट नाही. आश्रमशाळेत मास्तर होता, निवृत्त झाला तरी तिथल्या मुलींची फुटबॉल टीम तोच शिकवतो. जि.नं त्याला सरळ मिठीच मारली. इतका आनंद की बघवेना.

चहा झाला. फायनल निघणारच होती, निघाली. त्याला सगळं पाठ. तो शांतपणे बोलतो. म्हणाला, "मला वाटलं गोल झाला. पंच म्हणाले, रेष बघ. मी बघितली. बॉल रेषेवर होता. मग काय बोलणार? माझी टीम भांडायला उठली होती. मीच त्यांना बसवलं."

मग म्हणाला, "नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगतो. मनाला काय वाटतं ते सोडून दे, रेष बघ. रेष कुणाची नसते." मुली आता पंचाशी वाद घालत नाहीत म्हणे. त्याचं आसपास नाव आहे.

मी कप खाली ठेवला. 

२०ला तो मुलींची टीम घेऊन येणार, आपल्या कॉलेजच्या मुलींशी मॅच ठरली. निघताना मला म्हणाला, "पाटील, फक्की तूच मारायचास ना? यंदाही तूच मार. मुलींना दाखवतो, तोच हा माणूस."

येताना जि. घोरला नाही. मीच डोळे मिटून घेतले.

१६ डिसें., मंगळ.
बाईंचा फोन. पान कधी? म्हटलं, होतंय. तीन वेळा लिहिलं. पहिल्यात रेष नव्हतीच. दुसऱ्यात 'मैदानाच्या स्थितीमुळे काही अडचणी' असं सरकारी मराठी. तिसऱ्यात खरं. तिन्ही फाडले.

सौ. केर काढत होती. "तुम्हले व्हयनं तरी काय? दाढ दुखस का?"

म्हटलं, दाढ गेली, खड्डा राहिला.

तिला सगळं सांगितलं. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. तिनं केरसुणी भिंतीला टेकवली, ऐकून घेतलं. म्हणाली, "सायसिंगले सांगशात ते जिभाऊ तुटी. नही सांगशात ते तुम्ही तुटशात. आते तुम्हीच मोजा, मोजणीवाला ना तुम्ही?"

सौ. शाळेत चौथीपर्यंत गेलेली.

२० डिसें., शनि.
हे मैदानावरच्या निंबाखाली बसून लिहितोय. हात अजून पांढरे आहेत, पानाला लागतील.

सहाला आलो. टेप, दोरी, खुंट्या, दोन पोती फक्की. अनीस पोलांना रंग देत होता. थंडी कडक. सातला सायसिंगची जीप आली. मुली उतरल्या, शेकोटीकडे पळाल्या. सायसिंग सरळ माझ्याकडे. टेपचं दुसरं टोक त्यानं धरलं, मी न सांगता. शाळेकडच्या गोलात आलो. तो एका पोलाशी, मी दुसऱ्याशी, मध्ये ताणलेला टेप. तिथेच सांगितलं. सकाळचं आणि हाफ टाइमचं, दोन्ही. 

त्यानं टेप सोडला नाही. पोलाच्या बुडाकडे बघितलं. मग विचारलं, "किती?"

"वीतभर."

"मग झाला होता."

"झाला होता."

मी वाट बघत होतो, शिवी देईल, निदान टेप तरी टाकेल. तो म्हणाला, "मी इतकी वर्षं मुलींना काय शिकवलं रे, पाटील?" मी दोरी खुंटीला बांधली. मग म्हणाला, "आधी रेष मार." मारली. एवढी सरळ रेष जन्मात मारली नसेल.

फक्कीची बादली ठेवली तर म्हणाला, "मुलींना मी नाही सांगणार. तू सांग. आत्ता. मॅचच्या आधी."

त्यानं शिट्टी मारून मुलींना गोल बसवलं. मी उभा. मोजणीच्या वेळी दोन्ही भाऊबंद कुऱ्हाडी घेऊन उभे असायचे, ते सोपं होतं. सांगितलं.

ग्लोव्हज घातलेली एक लहानखुरी, त्यांची गोलकीपर असावी, तिनं हात वर केला. "मग तुम्ही ती पुसली का नाही?"

म्हटलं, "आम्हाला जिंकायचं होतं."

तिला ते पटलं, म्हणजे समजलं असं वाटलं. दुसरीनं विचारलं, "मग कप कोणाचा?"

म्हटलं, "माहीत नाही. गोल दिला असता तर बरोबरी होती. पुढे काय झालं असतं ते कोण सांगणार?" मुली माझ्या मागे बघायला लागल्या.

मागे जिभाऊ उभा होता. हातात सायसिंगसाठीचा हार. कधी आला, किती ऐकलं, कळलं नाही. चेहऱ्यावरून कळलं, सगळं ऐकलं. हार अनीसच्या हातात दिला आणि मोटारसायकलीकडे गेला. मी हाक मारली. त्यानं किक मारली.

मॅच झाली. सायसिंगच्या मुलींनी आपल्या कॉलेजला दोन गोलनी हरवलं. दोन्ही गोल पार आत, वाद नाही. एकदा बॉल बाहेर गेला की नाही यावर आपल्या मुली भांडल्या. त्याच्या मुली रेषेपाशी गेल्या, वाकून बघितलं, आणि पोलाकडेही बघितलं. मग त्यांनी सायसिंगकडे बघितलं.

हार अनीसनं घातला. जीपमध्ये बसताना सायसिंग म्हणाला, "कपाचं काही नको. पान छापलं की एक प्रत पाठव." चिडून म्हणाला की साधंच, मला ओळखता आलं नाही.

२१ डिसें., रवि.
जि.ला सकाळपासून चार फोन. उचलत नाही. अनीस म्हणतो, "जाने दे यार, दोन दिन मा थंडा व्हई जाई." तसा तो होणार नाही. भाऊ पुन्हा मेल्यासारखं असेल ते. मला तो फोटोखालचा बॉल दिसतो, हवा गेलेला.

बाईंना उद्या सकाळी पान हवंय. नाहीतर तिथे जाहिरात टाकतील म्हणे, खतांची.

लिहायला बसलो. 'आमच्या टीमला भेटलेला सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी तळोद्याचा सायसिंग.' इथवर दहाव्यांदा आलो.

दुपारी साडेतीनला फोन. जि.चा. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज, शेतात असावा. मग म्हणाला, "दादाना हात ते लागना व्हता ना बॉलले?"

"लागना व्हता. मी देखा."

"खरं सांगी ऱ्हायना?"

"खरं."

"ते लिखजो." आणि फोन ठेवला.

बाकीचं लिहू का, हे मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

दादांचा हात आधी लिहिला. झेप, बोटं, सगळं, जसं होतं तसं. 'बॉल हाताला लागून मागे उडाला, आणि' इथे पेन थांबलंय. सौ.नं चहा आणून ठेवला, पान वाचलं आणि दिवा लावायला गेली.