हार्लनच्या बंदुकीत अडकलेली नळी

शनिवार, १७ जानेवारी २०१५. पहाटे कडाक्याची थंडी होती, बांधाच्या कडेच्या पाण्यावर पातळ बर्फ होता. पुतण्या रॉइस याच्याबरोबर रानात गेले. दहाच्या सुमारास परत आले. त्याला घेवड्याचं सूप आणि मक्याचा ब्रेड वाढला. जेवून तो गेला. वकिलाने टाइप करून पाठवलेला मसुदा मी शेगडीत घातला आणि हे स्वतःच्या हाताने लिहायला बसले. साक्षीदार चार वाजता येणार आहेत.

मी, लोरीन एटा हाइनेके, कै. हार्लन हाइनेके यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार बायू मेटो ओढ्याच्या उत्तरेस, आर्कान्सा काउंटी, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि हे लिहायला मला कोणी सांगितलेलं नाही. यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रं मी रद्द करते. जळालेल्या मसुद्यात ओकचं रान शिकारी क्लबला विकून पैसे मुलीला द्यावेत असं होतं. ते आता तसं नाही. कारण सहाव्या कलमात आहे.

कलम पहिले. राहतं घर, मागची शेड आणि घरातलं सामान माझी मुलगी अ‍ॅनलीस हिला. पियानो तिने विकला तरी माझी हरकत नाही. तो कधीच सुरात नव्हता, हे तिला आणि मला दोघींना माहीत आहे.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक अ‍ॅनलीसला. त्यातून चर्चच्या दफनभूमीतलं गवत कापण्यासाठी दरवर्षी काही द्यावं. हार्लनच्या कबरीवर प्लास्टिकची फुलं ठेवू नयेत. शेजारच्या कबरीवर ती आहेत आणि वारा सुटला की आमच्याकडे येतात.

कलम तिसरे. आमची काळी लॅब्राडोर कुत्री टिली आणि हार्लनच्या बदकं बोलावायच्या सगळ्या शिट्ट्या ओडेल प्रूइट यांना. हार्लनबरोबर ते तारुण्यापासून रानात उभे राहिले. कुत्री त्यांना मिळत असल्यामुळे कायद्याने ते साक्षीदार होऊ शकत नाहीत. त्यावर ते रुसले. म्हणाले, "वहिनी, कुत्री नको, सही करू द्या. माझं नाव कुठल्या कागदावर येतच नाही कधी." मी कुत्री दिली आहे.

कलम चौथे. माझी स्वतःची सेमी-ऑटोमॅटिक बंदूक अ‍ॅनलीसच्या मुलीला, तिला हवी असल्यास. नको असल्यास विकू नये, ओडेलकडे द्यावी.

कलम पाचवे. चोकच्या नळ्यांची लाकडी पेटी. ही पेटी सहाव्या कलमातल्या बंदुकीबरोबर रॉइसकडे जाईल. पण अ‍ॅनलीस, कागदपत्रं तुझ्या हातातून जाणार आणि तुला हा विषय कधी ऐकायचा नव्हता, म्हणून थोडं लिहिते. चोक म्हणजे बंदुकीच्या तोंडात आतून फिरवून बसवायची बोटभर लांबीची पोलादी नळी. तिचं तोंड जितकं अरुंद तितके छर्रे एकत्र राहून लांब जातात. मोकळं असेल तर जवळच पसरतात. कडेवर खाचा असतात. खाचा जास्त, तोंड मोकळं. नवीन माणूस हे हटकून उलटं समजतो, आणि पहिल्या दिवशी चुकीची नळी घेऊन रानात येतो.

आमच्याकडे नळी निवडणं म्हणजे काय करायचं नाही ते ठरवणं. भाताच्या मोकळ्या शेतात आपण खड्ड्यात बसतो, बदकं वाऱ्यावर लांबून जातात, तिथे मधली नळी चालते. पाण्याने भरलेल्या ओकच्या रानात मोकळी. झाडांमध्ये बदक हाताच्या अंतरावर उतरतं. तिथे अरुंद नळीने मारलं तर एक तर नेम चुकतो किंवा खाण्यासारखं काही उरत नाही. अगदी अरुंद, जुनी, शिशाच्या छऱ्यांसाठीची नळी पेटीत तळाशी लाल चिंधीत आहे. तिच्यातून हल्लीचे पोलादी छर्रे कधीही मारू नयेत. पोलाद शिशासारखं दबत नाही. नळीचं तोंड फुगतं. ती मी टाकलेली नाही कारण ती हार्लनच्या वडिलांची आहे.

निगा अशी. पाण्यातून आलं की आधी काडतुसं काढावीत, मग आत डोळ्यांनी बघावं, आणि मग चोक काढावा. जुन्या दातांच्या ब्रशने आट्यांतला चिखल आणि काजळी काढावी. कोरडं करावं. तेलाचा हात फिरवावा, आट्यांना ग्रीस लावावं, नखाएवढंच. हाताने पूर्ण फिरवून मग चोकच्या चावीने जरासं घट्ट करावं. नळी सैल राहिली तर बार काढताना तिचीच कड फाटते. नळी न बसवता बंदूक कधी चालवू नये, आटे कायमचे जातात. एका कंपनीची नळी दुसरीच्या बंदुकीत फिरली म्हणजे ती तिची झाली असं नाही. आणि नवी नळी, नवी काडतुसं घेतली की जुन्या चादरीवर मोठा कागद टाचून त्यावर मारून बघावं. डब्यावर काय छापलंय त्यापेक्षा कागदावरची भोकं खरं बोलतात. मी चाळीस वर्षं भात वाळवायच्या ड्रायरवर दाण्यातला ओलावा मोजला. छापील आकड्यावर विसंबायचं नाही, एवढंच तिथे शिकले.

गावातल्या अवजारांच्या दुकानात काउंटरवर एक गृहस्थ बसायचे, त्यांना या मृत्युपत्रातून काही नाही. त्यांनी पोरांना लांबलचक अरुंद नळ्या विकल्या आणि "ढगातलं बदक खाली येईल" असं सांगितलं. त्यांची सगळ्यात चांगली गिऱ्हाईकं आमच्या रानात येऊन उभी राहिली.

कलम सहावे. हार्लनची बंदूक आणि ओकचं रान. दोन्ही एकत्र. वेगळी करता येणार नाहीत.

रॉइस हा हार्लनच्या भावाचा मुलगा. तीन हिवाळ्यांपूर्वी तो आमच्या रानात उभा होता. आमच्याकडचा शिरस्ता असा की सगळ्यांनी खोडाला टेकून, तोंड खाली करून उभं राहायचं, पायाने पाणी हलवायचं म्हणजे आमिषाला सोडलेली लाकडी बदकं डुलतात, आणि जो शिट्टी वाजवतो तो "आता" म्हणाल्याशिवाय कोणी बंदूक उचलायची नाही. त्या दिवशी मोठा थवा शेंड्यांवर घिरट्या घालत होता. हार्लन शिट्टीने त्यांना खाली आणत होते. रॉइसने त्या दुकानातली नळी लावली होती. त्याने वरच्या वर बार काढला. एक मादी जखमी होऊन लांब घसरत गेली, थवा गेला. टिली दुपारपर्यंत शोधत होती. मिळाली नाही.

हार्लन ओरडले नाहीत. ते म्हणाले, "रॉइस, तुला पाडायचंय. आम्हाला बोलवायचंय. तुझं काम घराच्या छपरावर उभं राहूनही होईल." त्यानंतर काका-पुतणे बोलले नाहीत. गेल्या ऑगस्टमध्ये हार्लन गेले. रॉइस चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला आणि जेवायला न थांबता निघून गेला. ते मी विसरलेले नाही, हेही इथे लिहून ठेवते.

ऑक्टोबरमध्ये मी हार्लनची बंदूक साफ करायला काढली. चोक फिरेना. चावी वाकली. गंज उतरवायचं तेल सोडून ठेवलं, गरम फडकं गुंडाळलं, काही झालं नाही. नळी पूर्ण बसलेली आहे, कड कुठे वर आलेली नाही, ओडेलनी आरसा घालून तपासलं. मारायला धोका नाही. पण ती निघत नाही. दुसऱ्यांच्या आट्यांना बोट लावून बघणारा हा माणूस, त्याने स्वतःच्या नळीला किती हंगाम ग्रीस लावलं नव्हतं कोण जाणे. ओडेल म्हणाले, "वहिनी, देवाघरी गेलाय म्हणून सोडतो. नाहीतर मी आख्ख्या तालुक्याला सांगितलं असतं." मी हसले. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. मग कळलं की त्यांनी आख्ख्या तालुक्याला आधीच सांगितलंय.

अडकलेली नळी चार खाचांची आहे, रानातली, मोकळी. बंदूक दुरुस्त करणाऱ्याने ती कापून काढण्याची तयारी दाखवली. मी बंदूक परत आणली. हार्लननी ती नळी काढली नाही कारण त्यांना दुसरी कधी लागलीच नाही. ते एकाच जागी उभे राहत होते, आणि तिथून एकच नळी पुरते.

परवा रॉइसचा फोन आला. रान क्लबला जाणार असं त्याने ऐकलं होतं. म्हणाला, "काकू, विकायच्या आधी एकदा बघू द्याल का? नुसतं उभं राहतो." मी ये म्हटलं. आज पहाटे त्याच्या हातात हार्लनची बंदूक दिली. त्याने सवयीने बंदुकीच्या तोंडाशी बघितलं आणि दुसरी नळी मागितली. निघत नाही म्हटलं. त्याने माझ्यासमोर चावी लावून बघितली, दातओठ खाऊन. मग म्हणाला, "यानं शेंड्यावरचं काहीच पडणार नाही."

"नाही पडणार," मी म्हटलं.

आम्ही गुडघाभर पाण्यात, दोन ओकांना टेकून उभे राहिलो. माझ्या गळ्यात हार्लनची शिट्टी होती. ती मी फार वाजवली नाही, येत नाही मला. उजाडल्यावर बदकं आली. हिरव्या डोक्याचे नर, तपकिरी माद्या, शेंड्यांच्या वर फिरू लागली. रॉइसने बंदूक अर्धी वर नेली आणि खाली घेतली. त्याला माहीत होतं पोचणार नाही. थवा फिरून आला. पुन्हा त्याने खाली घेतली. त्यानंतर तो वर बघेनासा झाला. नुसतं पायाने पाणी हलवत राहिला.

मग ती सगळी खाली आली. मला हे नीट लिहिता येणार नाही. ड्रायरवर ट्रकचं मागचं दार उघडलं की भात कोसळतो, थांबतच नाही, तसा आभाळातून पक्षी कोसळत होता, फांद्यांमधून, पंख उलटे मारत, केशरी पाय पुढे धरून. आवाज कानाला नव्हे, छातीला लागत होता. पाण्याला जागा उरली नाही. एकाचा पंख माझ्या कोटाला घासून गेला आणि त्याने मला बघितलंच नाही, मी झाड होते. चाळीस हिवाळे मी या रानात येते आहे. असं मी याआधी दोनदा बघितलं आहे, आणि दोन्ही वेळा शेजारी हार्लन होते. आज मला असं वाटलं की हे रान माझं कधीच नव्हतं, कागद कुणाच्याही नावावर असो. आम्हाला फक्त मध्ये उभं राहू दिलं जात होतं.

रॉइसने बंदूक उचलली नाही. वाट बघत होता. माझ्याकडे बघत होता. मला उशिरा समजलं की तो कशाची वाट बघतोय. शिट्टी माझ्या गळ्यात होती.

ती सगळी उठून गेली तोपर्यंत मी काही बोलले नव्हते. त्यांच्यामागून लहान थवा उतरला, तेव्हा मी म्हटलं, "आता."

एकच बार. एक नर, जागच्या जागी, पाण्यावर. टिली घेऊन आली. रॉइसने त्याचं डोकं तळहातावर धरलं. "काकू," तो म्हणाला, "मी इतकी वर्षं यांना वरूनच हाकलून लावत होतो."

मी हो म्हटलं. ते खरं होतं.

म्हणून बांधाच्या आतलं ओकचं रान, पाणी अडवायच्या दारासह, आणि हार्लनची बंदूक मी रॉइसला देते. अटी अशा: दहा वाजल्यानंतर रानात बार काढायचा नाही, रानाला विश्रांती लागते. फेब्रुवारी लागताच त्या दारातल्या पाणी अडवणाऱ्या फळ्या काढायच्या; ओक झोपेतच पाण्यात उभा राहतो, जागा झाल्यावर पाणी राहिलं तर मरतो. आणि अडकलेली नळी कोणाकडूनही कापून काढून घ्यायची नाही. काढली तर रान चर्चकडे जाईल, मग त्यांनी क्लबला विकावं. ही अट कोर्टात टिकेल की नाही मला माहीत नाही. रॉइसला माहीत असली म्हणजे पुरे.

एका सकाळवरून माणूस कळत नाही. म्हणून पहिले दोन हिवाळे फळ्यांच्या कुलपाची किल्ली ओडेलकडे राहील. रॉइसला राग आला तर येऊ दे. हार्लनला आनंद झाला असता की नाही हे मी सांगू शकत नाही. त्यांनी बंदूक स्वतःच्या हाताने त्याला दिली नसती. पण "आता" म्हणायला आज ते नव्हते, मी होते.

कलम सातवे. अ‍ॅनलीस, रान तुला न दिल्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. एकदा जानेवारीत ये. बंदूक नको आणूस. रॉइसला सांग, कुठे उभं राहायचं ते तो दाखवील.

वरील सर्व मी वाचून पाहिलं आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे माझी आद्याक्षरं आहेत.

लोरीन एटा हाइनेके (सही)

आमच्यासमोर वरील बाईंनी स्वखुशीने सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या आणि त्यांनी आम्हाला कॉफी दिली.

साक्षीदार: निता वॉगन, पाद्र्यांच्या पत्नी (सही)
साक्षीदार: ड्युएन शुल्टे, भात ड्रायरचे व्यवस्थापक (सही)

हाइनेके फार्म, आर्कान्सा काउंटी, १७ जानेवारी २०१५

साक्षीदार गेले. मंगळवारी बँक उघडली की पाकीट तिथे नेईन. आता एका माणसापुरते बटाटे सोलायला घेते.