पोपटाच्या विनोदाची टेस्ट

२ मार्च
डोकं फिरलंय. आज पुन्हा एक जण इंटरनेटवर वाचून डिप्रेशनच्या गोळ्या मागायला आला. दवाखाना आहे की किराणा दुकान? माझी टेस्ट साधी आहे. पेशंटला पोपटाचा विनोद सांगायचा. हसला, तर गोळी नाही.

५ मार्च
टेलरबाई आल्या. झोप नाही, मशीनवर बसवत नाही, गिऱ्हाइकांचे कपडे तसेच पडलेत म्हणाल्या. विनोद सांगितला. छान हसल्या. सकाळी फिरायला जा म्हटलं.
माझ्या हाताखाली शिकून कोपऱ्यावर दवाखाना थाटलेली ज्युनियर म्हणे एकेकाला अर्धा तास प्रश्न विचारते. झोप, भूक, कामात मन, जगण्याचा कंटाळा. मग गोळीचं ठरवते. एवढा वेळ रिकामटेकड्यांनाच असतो.

९ मार्च, पहाटे
पुन्हा जाग. शेजाऱ्याचा पंप. शेजारी गावाला गेलाय, तरी पंप त्याचाच. जेवणही बेचव. बायकोचा हात बिघडलाय. उद्यापासून फिरायला जाणार.

१० मार्च
गेलो नाही. बूट चावतात. बूटवाल्याला फोनवर झापलं.

१४ मार्च
टेलरबाईंचा नवरा आला. बाई अंथरुणातून उठत नव्हत्या, म्हणून कोपऱ्यावर ज्युनियरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. मी म्हटलं, माझ्यासमोर तर खळखळून हसल्या.
तो म्हणाला, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून हसली, डॉक्टर."
ही शुद्ध फसवणूक आहे. पेशंटच खोटं हसायला लागले, तर डॉक्टरने काय करायचं? संताप संताप झाला. दुपारचा दवाखाना बंद ठेवला. तसंही उठवत नव्हतं.

१७ मार्च
बायकोने परस्पर ज्युनियरची वेळ घेतली. जाणार. पण फक्त खडसावायला.

१८ मार्च
गेलो. तोंड उघडायच्या आत तिने विचारलं, "सर, झोप लागते?" पंपाचं सांगितलं. भूक? बायकोचं सांगितलं. कामात मन रमतं का, यावर सांगायला कोणी सापडेना. म्हणून पोपटाचा विनोद सांगितला.
ती हसली नाही. तिने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. विनोद संपता संपता मी रडत होतो.
गोळी लिहून दिली. रोज सकाळी एक. मी वाद घातला नाही.
बाहेर बाकावर टेलरबाई बसल्या होत्या. बरं आहे ना, म्हणून त्यांनी विचारलं. मी छान हसलो.
बाई जरा सरकल्या आणि बाकावर मला जागा करून दिली.