पाणी सोडायची वेळ

३ जून, सोमवार

पोचलो. भाड्याच्या दोन खोल्या, खिडक्या नदीकडे. वहिनीनं आल्या आल्या पडदा सरकवला. मी मोजे शोधायचं निमित्त करून पाठ फिरवली.

सुट्टी तिची, चार दिवसांची. बेतही तिचाच – गुरुवारी दिवसभर ट्राऊट मासे धरायला जायचं, नदीच्या त्याच वळणावर. "त्यांची गळाची काठी काय नुसती माळ्यावर पडून राहणार, भाऊजी?" काठी तिनं गाडीत मांडीवर घेतली होती. सगळी वाटभर.

गुरुवारी दादाला जाऊन वर्ष होईल.

४ जून

यादी केली. परवाने दोन, रबरी बूट, जाळी, डबा, पिसांच्या माशा. या गळाला बांधतात, ट्राऊटला खऱ्या वाटतात. परवान्यांसाठी दुकानात गेलो. भिंतीवर भुसा भरलेला मासा, हाताएवढा. दुकानदार म्हणाला, सासऱ्यानं धरलेला. "वाटणीत बायकोनं घर सोडलं आणि हा घेतला. आता मी याच्या हाताखाली काम करतो." तासभर ऐकत बसलो. परवाने राहिलेच.

वहिनी म्हणाली, "तुम्हाला मीठ आणायला पाठवलं तर मेणबत्त्या घेऊन याल." हसली. वर्षभरात पहिल्यांदा. मी मात्र ताट तसंच ठेवून बाहेर आलो.

कारण तेव्हाही हेच झालं होतं. लिहून टाकतो एकदाचं. वर धरण आहे. दिवसातून एकदा पाणी सोडतात, वेळ रोज वेगळी. नदीत उतरण्याआधी वरच्या चौकीत वेळ विचारून यायची. भोंगा वाजतो, पण वळणावर ऐकू येत नाही. दादानं मला पाठवलं. वाटेत एक जण मोटारसायकल खोलून बसला होता. मी त्याला पाने-पक्कड देत बसलो. उशीर झाला, चौकीपर्यंत गेलोच नाही. परत येऊन ठोकून दिलं – चार वाजता.

दादा बरं म्हणाला. मला म्हणाला, तू वर जाऊन चहा टाक. आणि कमरेएवढ्या पाण्यात शिरला.

तीनला पाणी आलं.

वहिनीला वाटतं, धरणवाल्यांनी वेळ चुकवली. मी वाटू दिलं.

५ जून

नळ सोडला तरी दचकतो.

वहिनी सकाळभर माशा बांधत होती. बोटं टोचून घेतली. "शेवटी शेवटी ते बोलायचेच कमी," म्हणाली. "जेवता जेवता उठून जायचे." मग धागा दातानं तोडून, "उद्याची वेळ मात्र नीट विचारून या, भाऊजी. त्या लोकांचा काही भरवसा नाही."

चौकीवरून आलो की सांगणार. काय व्हायचं ते होऊ दे.

५ जून, संध्याकाळ

कुठंही थांबलो नाही, सरळ चौकीत गेलो. वळणाचं नाव काढल्यावर चौकीदारानं निरखून पाहिलं. "तुम्ही त्यांचे धाकटे?" खुर्ची पुढे केली.

"त्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता आले होते दादा तुमचे. एकटेच. मीच सांगितलं, तीन. अडीचला काठावर या म्हटलं. त्यांनी पेनानं तळहातावर लिहून घेतलं."

मी म्हटलं, तीन?

"तीन. दोनदा विचारलं त्यांनी. चौकशीला आलेल्यांना सांगितलं असतं, पण मला कुणी विचारलंच नाही."

उतरून निम्म्या वाटेवर आलो आणि आठवलं, उद्याची वेळ राहिली. परत चढलो. उद्या दुपारी एक.

म्हणजे दादाला ठाऊक होतं. मला वेळ विचारायला पाठवलं तेव्हाही. मी चार म्हणालो तेव्हाही. आणि पाण्यात शिरला तेव्हाही.

६ जून

वहिनीला सांगितलं, काठावरच. वेळ मी ठोकून दिली होती, एवढंच. चौकीदाराचं काही बोललो नाही. तिनं दादाची काठी माझ्या हातातून काढून घेतली. परतताना गाडीत मागे जाऊन बसली.

असू दे. माझ्यावर तिला रागावता तरी येतं.