डेल्बर्टच्या गराजमधला ट्रान्समीटर

पिक्वा, ओहायो
९ ऑक्टोबर १९९८

प्रिय मार्लिस,

तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. इथे मक्याची कापणी चालू आहे. सगळीकडे धूळ, त्यामुळे खिडक्या बंदच ठेवते. तुमच्या ऑरेगनला पाऊस लागला असेल. मुलं नव्या शाळेत रमली का, ते कळव.

डॅडींच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात आपलं नीट बोलणं झालंच नाही. सगळे बटाट्याच्या सॅलडबद्दल बोलत होते आणि मीही तेच बोलत राहिले. तू परत गेल्यावर डॅडींच्या दुसऱ्या बायकोला, नडीनला, फोन करून त्यांचा रेडिओ मागितलास. तो सध्या माझ्याकडे आहे. साफ करून झालाय.

नडीन तो गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा बांधून घेऊन आली. तिची-माझी ओळख म्हणजे दुकानात दिसलो तर मान हलवायची, एवढीच. दारात उभी राहून म्हणाली, "व्हर्ना, तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता. पण रेडिओ क्लबमध्ये ज्याला विचारावं तो तुमचंच नाव सांगतो. पोरीला पाठवायचाय, असा घाणेरडा कसा पाठवू?"

"आत आण," मी म्हटलं. "टेबलावर ठेव. जपून, जड आहे."

त्याची अवस्था काय सांगू. गराजमध्ये त्याच्यावर रंगाचे डबे ठेवत असावेत. माथ्यावर पांढरे ओघळ, बाकी सगळीकडे सिगरेटच्या धुराचा पिवळट थर. त्या पेटीचा रंग मुद्दाम सुरकुत्या पाडून लावलेला असतो, आणि घाण नेमकी त्या सुरकुत्यांत जाऊन बसते. नडीनने येतानाच पिशवीतून खिडक्यांच्या काचा पुसायची बाटली आणली होती. मी ती काढून घेतली. अमोनियाने पुढच्या पट्टीवरची अक्षरं निघून जातात. तूही कधी वापरू नकोस. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ दात-ब्रश. आधी मागच्या कोपऱ्यात घासून पाहायचं, रंग ब्रशला लागत नाही ना. अक्षरांवर फक्त ओला कापूस टेकवायचा, घासायचं नाही. मोटारीचं मेण लोक हौसेने लावतात, ते सुरकुत्यांत पांढरं होऊन बसतं आणि मग जन्मभर निघत नाही. रंगाचे ओघळ मी दात कोरायच्या काडीने उचलले. नखाने केलं तर खालचा रंगही येतो.

नडीन म्हणाली, मीही मदत करते. मी तिला बटणं धुवायला दिली आणि यंत्र पेटीतून बाहेर काढलं.

ती वाकून आत बघत होती. "हे काय? केसांतली पिन?"

"वायर धरून ठेवायची क्लिप तुटली होती. हाताशी तीच होती."

"डेल्बर्टच्या हाताशी?"

"नाही."

तिने बटण पाण्यात ठेवून दिलं. मग म्हणाली, "मला एकदा चालू करून दाखव म्हटलं, तर म्हणायचा, आतला व्हॉल्व्ह, तो काचेचा दिवा, जळालाय. दर वेळी दिवाच जळालेला. आणि मी मूर्ख, त्याचं नाजूक यंत्र बिघडेल म्हणून कधी त्यावर फडकंसुद्धा फिरवलं नाही."

"दिवे चांगले आहेत," मी म्हटलं.

मार्लिस, तो ट्रान्समीटर मी जोडलाय. सुटे भाग डाकेने मागवून, आपल्या जुन्या घरातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर. तेव्हा तू पोटात होतीस, वाकताना त्रास व्हायचा. रेडिओवरून बोलायचा परवाना माझ्या नावाचा होता. डॅडींनी कधी परीक्षाच दिली नाही. बाईमाणसाने स्वयंपाकघरात बसून परक्या पुरुषांशी मोर्सची टकटक करत बोलावं, हे त्यांना आवडायचं नाही. आम्ही वेगळे झालो तेव्हा तू चार वर्षांची होतीस. सामानाची वाटणी करताना वकिलाने मला विचारलंसुद्धा नाही. भांडी माझी, यंत्रं त्यांची. मला तू मिळाली होतीस, म्हणून मी गप्प राहिले. पुढे मिलमध्ये नोकरी, दोन पाळ्या. तू कॉलेजला गेल्यावर मी एक जुना रेडिओ सेट घेतला.

त्यांनी तो का नेला, हे मला माहीत होतं: माझी टकटक थांबावी म्हणून. तुला काय सांगितलं, ते मात्र तुझं पत्र वाचेपर्यंत माहीत नव्हतं. तू लिहिलंयस की शनिवारी त्यांच्याकडे गेलीस की ते तुला त्या पेटीवर बसवून न्यूझीलंडच्या मेंढपाळाची गोष्ट सांगायचे. त्या माणसाचं नाव अँगस होतं. तो माझ्याशी बोलायचा. तू झालीस तेव्हा त्याने बाळाचं वजन विचारलं, मी सांगितलं, तर म्हणाला, आमची कोकरंसुद्धा याहून भारी असतात. मी संध्याकाळी जेवताना हे डॅडींना सांगितलं होतं. ते ताटावरून मान वर न करता जेवत होते. मला वाटलं, ऐकलंच नाही.

नडीनने निघताना विचारलं, "तुम्हाला राग नाही येत?"

मी खरंच आठवून पाहिलं. काही आलं नाही. ब्रश धुतला आणि वाळत ठेवला.

"मार्लिसला कोण सांगणार? मी की तुम्ही?"

"मी सांगते."

तिने दारातच माझ्या दंडाला हात लावला. एवढंच. मग गेली.

तुझ्या गोष्टी काढून घ्यायला हे लिहीत नाही. त्यांनी त्या तुला पेटीवर बसवून सांगितल्या असतील तर तुझ्यासाठी त्या त्यांच्याच राहू देत. तुला डॅडींची आठवण म्हणून तो हवा असेल, तर नडीन पैसे भरून पाठवायला तयार आहे. मी खोका आणि फोम आणून ठेवलाय. पण अजून बांधलेला नाही. गेला आठवडाभर मी सकाळी खोका उघडते आणि पुन्हा भिंतीला लावून ठेवते.

मला तो हवा आहे, मार्लिस. हे मी वकिलापुढे बोलले नाही, तुझ्या डॅडींपुढे नाही, आणि तुझ्यापुढेही आजवर कधी नाही. आता लिहून झालंय, तर खोडत नाही.

सावकाश विचार कर. नाही म्हणालीस तरी चालेल, पण उत्तर दे.

तुझी,
आई